अमेरिकेची राज्यघटना पहिल्यांदा वाचणार असाल तर 1776 वरून थेट 1789 ला उडी मारू नका

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले, सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करणारे, आणि इथे बसून यूपीएससीसाठी जगाचा इतिहास वाचणारे, असे बरेच जण एकाच जागी अडकलेले दिसतात. 4 जुलै 1776, जेफरसन, वॉशिंग्टन, बोस्टनचा चहा एवढं पाठ असतं आणि मग एकदम "अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष असतो, काँग्रेस असते, सुप्रीम कोर्ट असतं". मधली वर्षं गायब. आणि माझं ठाम मत आहे की अमेरिकेचं सरकार असं का आहे याचं उत्तर त्याच गायब वर्षांत आहे, 1781 ते 1787, कारण राज्यघटना लिहायच्या आधी त्या लोकांनी एक सरकार चालवून बघितलं होतं आणि ते बसलं होतं. ते का बसलं हे समजलं की राज्यघटनेतलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते आपोआप दिसायला लागतं. खाली मी ज्या क्रमाने वाचायला सांगतोय तो क्रम यासाठीच आहे.

पहिली पायरी, कागद गोळा करा. फक्त तीन लागतात: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन (राज्यघटनेच्या आधी 13 राज्यांनी आपसात केलेला करार), आणि राज्यघटना तिच्या 27 अमेंडमेंट्ससकट, म्हणजे दुरुस्त्यांसकट. तिन्ही फुकट मिळतात, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर आहेत, येल लॉ स्कूलच्या अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्टवर पण आहेत. मूळ राज्यघटना साधारण साडेचार हजार शब्दांची, म्हणजे आपल्या घटनेपुढे अगदीच छोटी, एका संध्याकाळी वाचून होते. प्रिंट काढा, बाजूला मोकळी जागा सोडा, पेन्सिल घेऊन बसा. मोबाइलवर वाचू नका असं सांगेन कारण पुढेमागे सारखं बघावं लागतं, या कलमाचं उत्तर त्या तक्रारीत सापडतं असा प्रकार आहे.

दुसरी पायरी, तारखा आपल्या तारखांना जोडून घ्या. मराठी माणसाला हे फार सोपं जातं, कारण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध जवळपास एकाच काळातलं आहे. तिकडे एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टन-काँकर्डला गोळी सुटली, इकडे त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह करून युद्ध ओढवून घेतलं. तिकडे ऑक्टोबर 1777 मध्ये साराटोगाला इंग्रजांची अख्खी फौज शरण आली, इकडे जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला. फ्रान्स दोन्हीकडे डाव टाकत होता, फ्रेंच एजंट सेंट ल्युबिन 1777 मध्ये पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन पोचला होता आणि त्यावरून कलकत्त्यात इंग्रजांची झोप उडाली होती. यॉर्कटाउनची शरणागती ऑक्टोबर 1781, सालबाईचा तह मे 1782. आणि यॉर्कटाउनला ज्याची फौज शरण आली तो कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला, टिपूविरुद्धच्या 1790-92 च्या लढाईत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूने श्रीरंगपट्टणला होते. हे एकदा डोक्यात बसलं की अमेरिकेच्या तारखा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

चहाचं पण तसंच. 16 डिसेंबर 1773 ला बोस्टनच्या बंदरात ज्या 342 पेट्या पाण्यात टाकल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. चहा चीनचा, पण कंपनी तीच. ती तेव्हा कर्जात बुडाली होती, न विकलेला चहा गोदामात पडून होता, म्हणून पार्लमेंटने तिला अमेरिकेत थेट चहा विकायची सवलत दिली, चहा स्वस्त झाला पण त्यावरचा कर तसाच राहिला. वसाहतीतल्या लोकांचा राग चहाच्या किमतीवर नव्हता, आमचा प्रतिनिधी नसलेलं पार्लमेंट आमच्यावर कर लावतं यावर होता.

तिसरी पायरी कारणांची, इथे फार वेळ घालवू नका. सात वर्षांचं युद्ध 1763 ला संपलं, इंग्लंडवर कर्जाचा डोंगर, ते फेडायला 1765 चा स्टँप अ‍ॅक्ट, मग विरोध, मग माघार, मग नवे कर, मग सैन्य, मग 1770 मध्ये बोस्टनला गोळीबारात 5 माणसं मेली. एवढं पुरे. एकच वर्ष मात्र नीट लिहून ठेवा, 1619. त्या वर्षी व्हर्जिनियात वसाहतवाल्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि त्याच वर्षी त्याच व्हर्जिनियात पकडून आणलेले आफ्रिकन लोक जहाजातून उतरवले गेले. लोकशाही आणि गुलामी या दोन्ही गोष्टी तिथे एका वर्षी सुरू झाल्या आणि पुढच्या सगळ्या वाचनात त्या सोबतच चालतात, एक सोडून दुसरी वाचली तर काहीच कळणार नाही.

चौथी पायरी, जाहीरनामा वाचा पण मधला भाग. सगळे जण "सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत" तिथेच थांबतात, तो भाग अर्थातच मोठा आहे, पण खरं काम त्यानंतरच्या 27 तक्रारींत आहे. राजाने हे केलं, राजाने ते केलं अशी लांबलचक यादी. कंटाळा येईल, तरी वाचा, आणि प्रत्येक तक्रारीपुढे नंबर टाका, कारण 11 वर्षांनी आणि त्याच्याही नंतर याच तक्रारींची उत्तरं लिहिली गेली. राजाने न्यायाधीशांचा पगार आणि नोकरी आपल्या मर्जीवर ठेवली ही तक्रार, तिचं उत्तर राज्यघटनेच्या तिसऱ्या आर्टिकलमध्ये, न्यायाधीशाचं वर्तन चांगलं आहे तोवर तो पदावर राहील आणि त्याचा पगार कमी करता येणार नाही. शांततेच्या काळात आमच्यात सैन्य आणून ठेवलं ही तक्रार, उत्तर पहिल्या आर्टिकलमध्ये, सैन्यासाठी 2 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पैसा मंजूर करायचा नाही. आमच्या घरांत सैनिक घुसवले, उत्तर तिसरी अमेंडमेंट. ज्यूरीचा हक्क काढून घेतला, उत्तर सहावी आणि सातवी. हा व्यायाम एकदा हाताने करा, नुसतं वाचून तो परिणाम होत नाही.

अजून दोन गोष्टी इथेच. जेफरसनच्या कच्च्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावरून राजावर घणाघाती टीका करणारा एक परिच्छेद होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला, जेफरसनने पुढे लिहून ठेवलंय की साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो नको होता. आणि लिहिणारा जेफरसन स्वतः आयुष्यभर गुलामांचा मालक होता. दुसरं म्हणजे शेवटची तक्रार वाचा, तिथे मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटलंय. समानतेचं वाक्य आणि हे वाक्य एकाच कागदावर आहे, दोन्ही वाचायचे.

आता पाचवी पायरी, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन. 1777 मध्ये काँग्रेसने मंजूर केली, सगळ्या 13 राज्यांची संमती मिळायला 1 मार्च 1781 उजाडला. या व्यवस्थेत एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत, मग राज्य व्हर्जिनियाएवढं असो की डेलावेअरएवढं. वेगळा राष्ट्राध्यक्ष नाही, राष्ट्रीय न्यायालयं नाहीत, मोठा निर्णय घ्यायचा तर 9 राज्यं लागतात आणि आर्टिकल्समध्येच बदल करायचा तर सगळी 13. आणि सगळ्यात जीवघेणी गोष्ट म्हणजे कर लावायचा अधिकारच नाही. काँग्रेसने राज्यांना पत्र पाठवायचं की एवढे पैसे द्या, आणि राज्यांनी दिले तर दिले. ज्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला मेंटेनन्स मागता येतो पण वसूल करता येत नाही तिचं पाण्याचं बिल कसं भरलं जाईल, तसं देशाचं चाललं होतं.

परिणाम बघा. आयात मालावर 5 टक्के कर लावायचा प्रस्ताव 1781 मध्ये आला, 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव मेला. पुन्हा 1783 मध्ये आणला, तो शेवटी न्यूयॉर्कने अडवला. सैनिकांचे पगार थकले, जून 1783 मध्ये चिडलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसची इमारत घेरली आणि देशाचं सरकार गाव सोडून प्रिन्स्टनला गेलं. युद्ध जिंकलेल्या देशाचं सरकार आपल्याच सैनिकांना घाबरून पळतंय, ही परिस्थिती. तिकडे 1783 च्या पॅरिसच्या तहाने जो भाग अमेरिकेला मिळाला तिथले किल्ले इंग्रज सोडत नव्हते आणि त्यांना हाकलायला काँग्रेसकडे ना पैसा ना फौज.

मग 1786. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी कर्जात, राज्याने कर वाढवलेले आणि ते रोख नाण्यांत मागायचे, जमिनी जप्त व्हायला लागल्या, कर्जदार तुरुंगात. यातले बरेच जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. त्यांनी कोर्टांना घेराव घालून कामकाज बंद पाडलं, डॅनियल शेज नावाच्या माजी कॅप्टनचं नाव या बंडाला पडलं, आणि जानेवारी 1787 मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. बंड मोडायला काँग्रेसला सैन्य उभं करता आलं नाही, राज्याच्या फौजेचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून भागवला. पैसेवाल्या लोकांच्या आणि वॉशिंग्टनसारख्यांच्या मनात जी भीती बसली ती इथून. त्यामुळे राज्यघटना वाचताना दोन भीत्या कायम लक्षात ठेवा, एक राजाची आणि दुसरी शेजच्या बंडाची. जाहीरनामा पहिल्या भीतीतून लिहिला गेला, राज्यघटना दोन्हींतून.

आर्टिकल्सवाल्यांच्या बाजूचंही एक सांगायला हवं, कारण त्यांना नुसतं नालायक ठरवून पुढे जाणं अन्यायाचं होईल. 1787 चा नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स याच काँग्रेसने केला, ओहायो नदीच्या वायव्येच्या मोठ्या प्रदेशात गुलामी बंद केली आणि तिथे पुढे होणारी राज्यं जुन्या राज्यांच्या बरोबरीची असतील हे ठरवून टाकलं. म्हणजे नवा प्रदेश वसाहत म्हणून ठेवायचा नाही. हे फार मोठं काम होतं.

सहावी पायरी, फिलाडेल्फिया, 25 मे ते 17 सप्टेंबर 1787. 55 माणसं आली, 12 राज्यांची, ऱ्होड आयलंड आलंच नाही. अध्यक्ष वॉशिंग्टन, सगळ्यात वयस्कर 81 वर्षांचे फ्रँकलिन. बोलायचं ते बाहेर सांगायचं नाही असा नियम. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन समोर बसून रोज टिपणं काढायचा, ती त्याच्या मृत्यूनंतर 1840 मध्ये छापली गेली आणि आज फुकट वाचता येतात. सगळी वाचू नका, चार दिवस निवडून वाचा. 29 मेला व्हर्जिनिया प्लॅन आला, दोन्ही सभागृहांत लोकसंख्येप्रमाणे जागा, म्हणजे मोठ्या राज्यांची चांदी. 15 जूनला न्यू जर्सीच्या पॅटरसनने उलटा प्लॅन आणला, एकच सभागृह आणि प्रत्येक राज्याला एकच मत. मग 16 जुलै, तडजोड, हाऊसमध्ये (खालचं सभागृह) लोकसंख्येप्रमाणे आणि सिनेटमध्ये (वरचं सभागृह) सगळ्यांना सारख्या जागा, आणि ही तडजोड 5 विरुद्ध 4 अशी पास झाली, मॅसॅच्युसेट्सची मतं आपसातच फुटली आणि न्यूयॉर्कचे दोघं चिडून आधीच घरी गेल्यामुळे त्या राज्याचं मतच नव्हतं. आज अगदी कमी लोकसंख्येच्या वायोमिंगला आणि प्रचंड लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला सारखेच 2 सिनेटर का असा प्रश्न पडला की त्याचं उत्तर हे एका मताचं अंतर आहे, त्यात कुठलंही उदात्त तत्त्व शोधत बसू नका.

चौथा दिवस 12 सप्टेंबर. जॉर्ज मेसन म्हणाला की नागरिकांच्या हक्कांची यादी घाला, दोन-चार तासांत लिहून होईल. एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. मेसनने शेवटी सही केली नाही, रँडॉल्फ आणि गेरीनेही नाही, 39 जणांनी केली.

सातवी पायरी, आता राज्यघटना. प्रस्तावनेपासून नका सुरू करू. पहिल्या आर्टिकलचं सेक्शन 8 उघडा, काँग्रेसला काय काय करता येईल याची यादी, आणि बघा पहिलाच अधिकार कोणता, कर लावायचा. पाचव्या पायरीवर वाचलेलं सगळं दुखणं त्या एका ओळीत येऊन थांबतं. मग सेक्शन 9, काँग्रेसने काय करायचं नाही, मग सेक्शन 10, राज्यांनी काय करायचं नाही, नाणी पाडायची नाहीत, करारांची बंधनं कमजोर करायची नाहीत, इथे शेजचे शेतकरी डोळ्यांसमोर आणा. मग दुसरं आर्टिकल राष्ट्राध्यक्षाचं. तो निवडायचा कसा यावर उन्हाळाभर गोंधळ चालला, बराच काळ काँग्रेसनेच निवडावा असं ठरत होतं, इलेक्टर्सची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्याने नेमलेल्या मतदारांची, कल्पना पक्की झाली ती अगदी सप्टेंबरमध्ये. तिसरं आर्टिकल न्यायालयांचं, छोटंसं आहे, सुप्रीम कोर्टात किती न्यायाधीश हेसुद्धा त्यात नाही. मग पाचवं, दुरुस्ती कशी करायची, आता 13 पैकी 13 नकोत, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि राज्यांपैकी तीन चतुर्थांश पुरे.

हे सगळं झालं की वेगळ्या रंगाच्या पेनने तीन जागा अधोरेखित करा. पहिल्या आर्टिकलचं सेक्शन 2, जिथे "इतर सर्व व्यक्ती" तीन पंचमांश मोजायच्या म्हटलंय. त्याच आर्टिकलचं सेक्शन 9, जिथे 1808 पर्यंत अशा व्यक्तींची आयात काँग्रेसला बंद करता येणार नाही. आणि चौथ्या आर्टिकलचं सेक्शन 2, पळून गेलेल्याला परत द्यायचं. तिन्ही ठिकाणी गुलाम हा शब्द नाही, मुद्दाम टाळलाय, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा सरळ पुढे निघून जातो. तीन पंचमांशचा अर्थ पण नीट लावा. गुलामाला थोडा तरी हक्क मिळाला असा त्याचा अर्थ अजिबात नाही, त्याच्या डोक्यामागे त्याच्या मालकाच्या राज्याला हाऊसमध्ये जास्त जागा आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत जास्त इलेक्टर मिळाले. 1790 च्या पहिल्या जनगणनेत 39 लाखांपैकी जवळपास 7 लाख माणसं गुलाम होती, म्हणजे हा प्रश्न कोपऱ्यातला नव्हता. फिलाडेल्फियात गव्हर्नर मॉरिस हा माणूस (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नाही) गुलामीविरुद्ध कडक बोलला होता आणि राज्यघटनेची शेवटची भाषाही त्यानेच घडवली. आधीच्या मसुद्यात "आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स" अशी राज्यांची यादी होती, तिथे "आम्ही युनायटेड स्टेट्सचे लोक" आलं. आता प्रस्तावना वाचा, आत्ताच तिचं वजन कळेल.

आठवी पायरी, विरोधकांचं ऐका. 9 राज्यांची मंजुरी लागणार होती आणि ती सहज मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्स 187-168, व्हर्जिनिया 89-79, न्यूयॉर्क 30-27, आणि ऱ्होड आयलंड तर 1790 मध्ये 34-32, तेव्हा वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं. बाजूने अलेक्झांडर हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी पब्लियस या टोपणनावाने 85 लेख लिहिले, तेच फेडरलिस्ट पेपर्स, त्यातले नंबर 10, 51, 70 आणि 78 वाचले तरी सुरुवातीला चालेल. पण त्याच न्यूयॉर्कमध्ये ब्रूटस नावाने कोणीतरी उलट बाजू मांडत होतं, की एवढ्या मोठ्या देशाचं केंद्र राज्यांना गिळून टाकेल, न्यायाधीशांवर कोणाचाच वचक राहणार नाही. ब्रूटसचे एक-दोन लेख जरूर वाचा, आजच्या अमेरिकेतल्या अर्ध्या वादांचं मूळ तिथे सापडतं. आणि मेसनची जी मागणी एकमताने फेटाळली होती ती याच विरोधकांच्या दबावाने मान्य करावी लागली, काँग्रेसने 12 दुरुस्त्या पाठवल्या, 10 मंजूर झाल्या 15 डिसेंबर 1791 ला, तेच बिल ऑफ राइट्स. उरलेल्या दोनपैकी एक, खासदारांच्या पगाराबद्दलची, चक्क 1992 मध्ये मंजूर होऊन 27 वी झाली.

नवव्या पायरीवर 1789 ते 1803 बघा, म्हणजे कागदावरचं यंत्र चालायला लागलं तेव्हा काय झालं. कॅबिनेट हा शब्द घटनेत नाही, वॉशिंग्टनने सल्ल्यासाठी खात्यांचे प्रमुख जमवले आणि ती प्रथा पडली. राजकीय पक्षही घटनेत नाहीत, हॅमिल्टन आणि जेफरसन यांच्यात राष्ट्रीय बँकेवरून जुंपली आणि त्यातून पक्ष उभे राहिले. 1800 च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याचाच जोडीदार आरॉन बर यांना सारखी 73 मतं पडली, हाऊसला 36 वेळा मतदान घ्यावं लागलं, म्हणून 1804 ची बारावी अमेंडमेंट. आणि 1803 मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश जॉन मार्शलने सांगितलं की घटनेच्या विरुद्ध असलेला कायदा कोर्ट मानणार नाही. घटनेत हे असं सरळ कुठेच लिहिलेलं नाही, तिसरं आर्टिकल परत वाचून खात्री करून घ्या.

आपल्या लोकांसाठी दहावी पायरी. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकले. त्यांचं घटना समितीतलं 4 नोव्हेंबर 1948 चं भाषण काढून वाचा, त्यात त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत समोरासमोर ठेवली आहे, स्थैर्य जास्त हवं की जबाबदारी जास्त हवी असा तो प्रश्न आहे आणि आपण जबाबदारी का निवडली ते ते सांगतात. तिथे दुहेरी नागरिकत्व, इथे एकच, तिथे राज्यांची स्वतंत्र न्यायालयं, इथे एकच साखळी, हे फरक त्यांच्याइतके सोपे करून सांगितलेले मला कुठे मिळाले नाहीत. आणि जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये गुलामगिरी अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. ती अर्पणपत्रिका वर अधोरेखित केलेल्या तीन जागांशेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर लगेच 13, 14 आणि 15 या अमेंडमेंट्स घ्या, 1865, 1868 आणि 1870 च्या. तीन पंचमांशची आणि पळून गेलेल्याला परत द्यायची जागा त्यांनी निकामी केली, 1808 ची मुदत तर आधीच संपली होती. सिटिझनशिपची तयारी करणाऱ्यांनी, आणि ज्यांची मुलं तिकडे जन्मली आहेत त्यांनी, चौदावीचं सेक्शन 1 शब्द न् शब्द वाचा, तिथे जन्मलेला कोण नागरिक ठरतो ते पहिल्याच वाक्यात आहे.